कोर्टात अडकलेली ॲडमिशन आणि जॉर्जियाचं तिकीट

ज्या वर्षी आयुष्यात काहीच घडत नाही ना, त्याच वर्षीचे किस्से सगळ्यात जास्त साठतात. माझं तसं एक वर्ष आहे. बारावी झाली, मेडिकलसाठीची 'नीट' परीक्षा झाली, मार्क आले आणि मेडिकलची प्रवेशफेरी सुरू होणार तेवढ्यात कोणीतरी कोर्टात गेलं. स्टे! माझे मार्क अगदी काठावरचे. नंबर लागेलही, लागणारही नाही. एक तर वाट बघत घरी बसायचं, नाहीतर परदेशात जायचं. तेव्हा लाजेनं तोंड लपवत फिरायचे. आता कॅन्टीनमध्ये हेच सांगताना हसू येतं. म्हणजे, बऱ्याचशा किश्श्यांचं येतं.

*

मार्क आले त्या संध्याकाळी बाबांनी पेढे आणले. आई म्हणत होती, "अहो, लिस्ट तर लागू द्या!" पण बाबांना कुठला दम! शनिवार पेठेतली आमची अख्खी बिल्डिंग त्यांनी गोड करून टाकली.

आणि मग लिस्ट लागेचना. बाबा दूध आणायला खाली उतरले की कोणीतरी विचारणारच, "मग, कुठे मिळाली मुलीला?" सुरुवातीला बाबा सगळं नीट समजावून सांगायचे. याचिका, सुनावणी, पुढची तारीख. नंतर कंटाळले.

एकदा पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, "गौरी कुठे असते हल्ली?"

बाबा म्हणाले, "कोर्टात!"

आजोबा "अरेरे" म्हणाले. त्यानंतर कितीतरी दिवस जिन्यात मी दिसले की ते माझी नजर चुकवायचे.

*

समोरच्या देवकाकूंचं उलट. त्यांच्या लेखी मी पेढ्यांच्या दिवशीच डॉक्टर झाले होते. एका दुपारी गुडघ्याचा एक्स-रे घेऊन आल्या.

"बघ गं जरा."

"काकू, माझी अजून ॲडमिशनसुद्धा झालेली नाही."

"उपचार कर म्हणतेय का मी? नुसतं बघ. बघायला काय ॲडमिशन लागते?"

मी एक्स-रे खिडकीशी धरला, गंभीर चेहऱ्यानं पाहिला आणि परत दिला. काकूंनी तो सरळ केला. मी उलटा धरला होता!

*

घरी असं व्हायला लागल्यावर मी सकाळीच नारायण पेठेतल्या अभ्यासिकेत जाऊन बसायचे. तिथे सानिया आणि निखिल होते. सानिया कसबा पेठेतली, तिच्या अब्बांचं घड्याळाचं दुकान. निखिल यवतमाळचा, वडील तिकडे शाळेत मास्तर. हा इथे कॉट बेसिसवर राहायचा. तिघांचेही मार्क काठावरचे, त्यामुळे तिघांची तोंडं सारखीच उतरलेली.

एकदा आम्ही तिघं परदेशी मेडिकलच्या फुकट सेमिनारला गेलो. एजंट टाय लावून सांगत होता, "इंडियन मेस! गणपती बसतो! दिवाळीला फराळ! मुलांना आपण परदेशात आहोत असं वाटतच नाही!"

मागून एक गृहस्थ उठले. "आपण म्हणता ते ठीक. पण पेशंट कुठल्या भाषेत बोलतात?"

एजंट गोड हसला. "सर, पेशंट एकदम शेवटी येतात. आत्तापासून कशाला टेन्शन घ्यायचं?"

सगळा हॉल हसला. त्याच हॉलच्या बाहेरच्या टेबलावर सानियानं आणि मी नाव नोंदवलं. कारण एकच, उद्या कोणी विचारलं तर सांगायला काहीतरी हवं होतं. निखिल लांब उभा राहून बुटाच्या टोकाकडे बघत होता. "माझ्या घरी हे परवडायचं नाही," एवढंच म्हणाला.

*

मी रशियाच्या शेजारच्या जॉर्जियाला जाणार हे ठरल्यावर आईची पंचाईत झाली. ती ज्याला सांगायची तो म्हणायचा, "वा! अमेरिका!"

"नाही, दुसरं जॉर्जिया," आई म्हणायची.

"दुसरं म्हणजे?"

"म्हणजे... तिकडचं नाही, इकडचं."

'इकडचं' म्हणताना तिचा आवाज इतका खाली जायचा, की समोरचा पुढे काही विचारायचाच नाही. मावशीशी फोनवर बोलताना मात्र ती एकदा नुसतंच "हो, जॉर्जिया" म्हणाली आणि मावशीचं कौतुक शेवटपर्यंत ऐकून घेतलं. फोन ठेवून वळली तर मी दारात. तिनं माझ्यासाठी चहा टाकला.

*

निघायच्या दिवशी बिल्डिंगनं मला निरोप दिला. ओवाळलं, नारळ दिला, देवकाकू तर रडल्या. विमानतळावर सानिया तिच्या अम्मी-अब्बांबरोबर आधीच आलेली. दोघी एकाच कॉलेजात, एकाच खोलीत राहणार होतो. रांगेत उभ्या होतो आणि निखिलचा फोन आला.

"लिस्ट लागली! स्टे उठला! बघ लवकर!"

आम्ही दोघींनी आपापले मोबाईल काढले. माझं नाव होतं. सरकारी कॉलेज, तेही पुण्यातच! मी आनंदानं किंचाळणार तेवढ्यात शेजारी पाहिलं. सानिया अजून स्क्रीन खाली सरकवत होती. शेवटपर्यंत गेली, पुन्हा वर आली.

"तुझं आहे," ती म्हणाली. "माझं नाही."

मी म्हटलं, "पुढची फेरी असते ना. थांबतेस का?"

"परत थांबू?" ती हसली. "अब्बांनी गिऱ्हाइकांची तोंडं चुकवायला दुकान अर्धा दिवस बंद ठेवायला सुरुवात केलीये, गौरी."

रांग पुढे सरकली. मी बॅगा घेऊन रांगेबाहेर झाले. ती आत गेली, मग परत वळली. मला वाटलं, आता रडणार.

"ए, तुझ्या आईनं दिलेलं लोणचं तरी दे!"

बॅग तिथेच जमिनीवर उघडून मी तिला बरणी दिली. मिठी मारायची हिंमत झाली नाही.

*

ज्या जिन्यावरून सकाळी ओवाळून घेतलं, त्याच जिन्यावरून दुपारी दोन बॅगा घेऊन वर चढायचं! बाबा म्हणाले, "आवाज करू नकोस." आई, बाबा आणि मी चोरासारखे चढलो. दाराशी पोहोचलो आणि समोरचं दार उघडलं.

देवकाकूंनी माझ्याकडे पाहिलं, बॅगांकडे पाहिलं.

"इतक्यात झालं शिकून?"

*

राहिला निखिल. त्याचा नंबर कुठल्याच फेरीत लागला नाही. पण पहिली लिस्ट लागली त्या दिवशी, त्यानं फोनवर पुढचं काही सांगायच्या आधीच, वडिलांनी शाळेच्या स्टाफरूममध्ये ओरडून सांगितलं होतं, "पोराची लिस्ट लागली!" मागे टाळ्या ऐकू येत होत्या. 'नाही' म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि बाहेर पडलं 'हो'.

दिवाळीनंतर मास्तर पुण्याला आले. पोराचं कॉलेज पाहायचं होतं, आणि पोरानं नाव माझ्याच कॉलेजचं सांगून ठेवलं होतं. निखिल माझ्याकडे आला. खाली बघत म्हणाला, "फक्त एक दिवस."

मी त्याला माझा ॲप्रन दिला. तो सहा फुटी, बाह्या कोपराच्या जरा खाली संपत होत्या. मास्तर म्हणाले, "तोकडा शिवला काय?"

"इथं असेच असतात, बाबा."

"असं का," मास्तर म्हणाले.

मी त्यांना वर्ग दाखवला, लायब्ररी दाखवली. प्रत्येक ठिकाणी "आम्ही इथे बसतो" असं सांगत गेले. मास्तरांनी सगळं शांतपणे पाहिलं. लायब्ररीत एका टेबलावर हात फिरवला. कॅन्टीनमध्ये चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. माझ्या सरांनी मला हाक मारली तेव्हा निखिल भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मास्तर त्या वेळी खिडकीतून बाहेर बघत होते.

संध्याकाळी वाकडेवाडीच्या स्टँडवर आम्ही दोघं त्यांना सोडायला गेलो. त्यांनी घरचा चिवडा आमच्यात सारखा वाटून दिला. यवतमाळची गाडी लागल्याची घोषणा झाली. पिशवी खांद्याला लावता लावता ते सहज म्हणाले,

"नीटचा पेपर परत केव्हा हाय रे?"

"मे महिन्यात," निखिल बोलून गेला.

"मंग बस अभ्यासाले," मास्तर म्हणाले. "चाल, गाडी लागली माही."