गादी कारखान्यातला वन्स मोअर

आमच्या अल्बमची रचना लोकशाही पद्धतीने ठरली, म्हणजे भांडून. पहिल्या भागात सगळ्यांनी मिळून वाजवायचा सतरा मिनिटांचा एकच तुकडा, त्यात मधोमध भीमपलास. दुसऱ्या भागात ज्याने-त्याने एकट्याने काय दिवे लावायचे ते लावायचे. असल्या संगीताला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. त्यावर नाचता येत नाही आणि वरातवाले बोलावत नाहीत, एवढी ओळख पुरे.

बल्लारपुरात जागा मिळाली ती बेसवाल्याच्या घरच्या गादी कारखान्यात. शुक्रवारी तो बंद असे आणि कापसाच्या ढिगांमुळे आवाज घुमत नसे. ड्रमवाला गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यातून सुटी काढून यायचा. गिटार माझी. भीमपलासासाठी बाबांना बोलावलं, कारण आमच्या ओळखीत फुकट मिळणारं शास्त्रीय संगीत तेवढंच होतं.

बाबांनी उभी हयात झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवण्यात घातली. तिथे पद रंगलं की मंडपातून ‘वन्स मोअर’ येतो आणि पद पुन्हा पहिल्यापासून घ्यावंच लागतं. नाही आला, तर पद पडलं. माझ्या गिटारला मात्र वीस वर्षांत त्यांनी बरं-वाईट काहीच म्हटलं नव्हतं. टीव्हीचा आवाज तेवढा वाढवायचे. चाळिशी उलटली तरी ते मला लागायचं.

त्या दिवशी त्यांनी भीमपलास असा वाजवला की आम्ही आमचे नखरे विसरलो. शेवटचा सूर विरला. आम्ही श्वास रोखून गप्प. बाबांचा चेहरा उतरला.

“कोणीच वन्स मोअर नाई देल्ला? मंग पडलंच म्हना.”

“बाबा, रेकॉर्डिंग सुरू रायते. शेवटी कोणी आवाज केला तं पुन्हा वाजवा लागते,” मी म्हणालो.

“हे आधी काऊन नाई सांगतलं?” असं म्हणून ते गाद्यांच्या थप्पीवर जाऊन बसले.

मग माझी पाळी. सहा महिने घोटलेलं सगळं समोर बाबा दिसताच दुसऱ्या मिनिटाला विसरलो. बोटं नेतील तिकडे गेलो. कुठे गेलो, ते आजही सांगता येत नाही. शेवटची तार अजून थरथरत होती, ड्रमवाला ओठांवर बोट ठेवून उभा होता आणि थप्पीवरून आरोळी आली, “वन्स मोअर!”

ड्रमवाल्याने कपाळावर हात मारला.

“बाबा, आत्ताच तं सांगतलं तुमाले!” मी ओरडलो.

“समजलं होतं मले,” बाबा म्हणाले. “घे, पयल्यापासून घे.”

घेणार कुठून? काय वाजवलं तेच आठवत नव्हतं. दुसऱ्यांदा घोटलेलंच वाजवलं, ते बिनचूक आणि पार मेलेलं होतं. तेव्हा पहिलंच ठेवायचं ठरलं.

“शेवटचं ते ओरडनं काटून टाकू का?” बेसवाल्याने विचारलं.

“गिटार काट,” मी म्हणालो.