मापाचा कपडा

जिन्याखालच्या खोलीत थोरलीचं शिवणकाम चाले. खोली एवढीशी, की गिऱ्हाईक आत आलं की कपडे टांगलेली दांडी बाजूला सारावी लागे. थोरलीने टेप हातात घेतली की बायका नकळत पोट आत ओढून उभ्या राहत. ती मनात हसायची आणि तेवढी ढील आपणहून धरायची.

पण बहुतेक जणी टेपेच्या वाटेला जातच नसत. मागचा कपडा मापाला टाकून जात. थोरली त्या मापात गुपचूप बोटभर भर घाली. नवा कपडा अंगात अलगद शिरला की बाई खूश. पुढच्या खेपेला तोच कपडा मापाला यायचा आणि पुन्हा बोटभर वाढायचा. कुणाचं मन दुखायला नको, एवढंच तिच्या मनात असे.

धाकटी बहीण हे तिचं पहिलं गिऱ्हाईक. एके काळी धाकटी म्हणजे नुसती काडी. आता ती पॅकिंगच्या कारखान्यात दिवसभर स्टुलावर बसून डबे चिकटवी. पूर्वी चालत जायची, आता कंपनीची गाडी कोपऱ्यावरून उचलून नेई. घरी आली की चुलीपाशी उभं राहायचंही त्राण नसे. मग पाकिटातलं तळलेलं काहीतरी, बाटलीतलं गोड पेय, वर मुलांच्या ताटातलं उरलंसुरलं. अन्न टाकायचं तरी कसं? अलीकडे जिना चढताना तिला धाप लागे. तरी तोरा कायम.

"ताई, आमच्या कारखान्यातल्या सगळ्या फुगल्या बघ. माझं माप मात्र लग्नातलंच!"

"हो बाई, तू कायमची काडीच," थोरली म्हणे आणि मशीन चालवू लागे.

त्या दिवशी धाकटी भर दुपारीच आली. काम करता करता तिला भोवळ आली होती आणि मुकादमाने घरी पाठवलं होतं.

"कारखान्यातल्या नर्सबाई म्हणतात, वजन फार वाढलंय, रक्त तपासून घ्या, साखर असेल. मी म्हटलं, काटा बिघडलाय तुमचा. माझं माप आमच्या ताईला विचारा!" ती हसली. "मी काही जात नाही तपासायला."

थोरलीचा पाय मशीनवरच थांबला. त्यांची आई साखरेनेच गेली होती. आधी पायाचं बोट, मग पाऊल, मग आई. तीही असंच हसून टाळायची.

थोरली उठली. फळीवरच्या गाठोड्यातून तिने एक विटलेला कपडा काढून टेबलावर पसरला. त्यावर धाकटीचा परवा शिवलेला नवा कपडा ठेवला. खालचा पार झाकून गेला.

"हा कुणाच्या पोरीचा गं?" धाकटीने कड उचलून विचारलं.

"तुझा. पहिल्यांदा मापाला दिला होतास तो. त्यानंतरचा प्रत्येक मी वाढवत आले."

धाकटी खाली बसली. दोन्ही कपडे मांडीवर घेऊन कितीतरी वेळ शिवणीवरून अंगठा फिरवत राहिली.

"मला फसवलंस तू."

"तुला वाईट वाटायला नको म्हणून गं..."

"वाटू द्यायचं होतंस ना, ताई." मग तिची नजर दांडीवर टांगलेल्या कपड्यांवर गेली. "आणि ह्या सगळ्यांचे?"

थोरलीने होकारार्थी मान हलवली. बाहेर कुणीतरी हाक मारली, "झाला का माझा कपडा?"

"उद्या या!" धाकटीनेच ओरडून सांगितलं. मग टेबलावरची टेप उचलून ती थोरलीसमोर उभी राहिली. "उद्या सकाळी दवाखान्यात जायचं. पण मी एकटी जाणार नाही. दिवसभर तूही बसूनच असतेस. तुझं माप कधी कुणी घेतलंय?"

टेप कमरेभोवती आली तशी थोरलीने पोट आत ओढलं.

"पोट सोड," धाकटी म्हणाली.