अनसूया काकूंची अर्जदार

आमच्या बजाजनगरच्या गल्लीत पक्की खबर होती की अनसूया काकू घोरपडीचं तेल काढतात. खबर सत्यभामा मावशीची. तिची गुपित सांगायची पद्धत अशी, की आधी दाराकडं बघायचं आणि मग आवाज आणखी चढवायचा. "अगं, दिव्याखाली भाजती ती तिला! भर मे महिन्यात! ह्या डोळ्यांनी बघितलं. गुडघ्याला लई गुणकारी म्हणं. मला वाटीभर पायजे, पण मागावं कसं?"

यात खरा होता तो फक्त दिवा. तेल नव्हतं, आणि ती आपल्या रानातली घोरपडही नव्हती. आपली पाळली तर सरळ तुरुंग, आणि काकूंच्या घरात बिनशिक्क्याचा कागदसुद्धा टिकत नाही. ही ऑस्ट्रेलियातल्या जातीची, माणसांकडंच जन्मलेली, काटेरी शेपटीची, हातभर लांब. काकूंच्या मुलानं, हिमांशूनं आणलेली. वनविभागाकडं तिची नोंद आहे आणि त्या कागदाची लॅमिनेट केलेली प्रत काचपेटीवर चिकटवलेली आहे. दिवा तिच्या उबेसाठी. बाहेर बेचाळीस डिग्री झाले तरी हिला दिव्याखालचा दगड त्याहून तापलेला लागतो.

एप्रिलात हिमांशूदादाला बंगळूरला नोकरी लागली आणि घोरपड काकूंकडं राहिली. ती इतकी बुजरी, की दगडांच्या चळतीखाली शिरली ती शिरलीच. खोलीत कुणी नसताना एखाददुसरं झुरळ खायची. वजन उतरायला लागलं. दादा फोनवर म्हणाला, "आई, जूनच्या दुसऱ्या रविवारी येतो. तोवर तुझ्या हातून खायला लागली नाही तर पुण्याचे एक जण न्यायला तयार आहेत. उगाच तिचे हाल नकोत."

काकूंनी फोन ठेवला आणि शेजारून आलेल्या माझ्याकडं वळल्या. "निवृत्त होऊन वर्ष झालं श्रेया, माझ्या टेबलासमोर चिटपाखरू आलं नाही. ही एक आली, तर हिचीही बदली."

काकूंनी चौतीस वर्षं तहसील कचेरीत कारकुनी केली. मान वर न करणारी बाई म्हणून पंचक्रोशीत नाव. पण घोरपडीपुढं त्यांनी अगदी उलट धोरण धरलं. रोज काचेसमोर मांडी ठोकायची, डोळे मोठ्ठे करायचे आणि पाळण्यातल्या बाळाशी बोलतात त्या सुरात, "ये गं माझी शोनी, बघ झुरळ आणलंय, ताज्जं ताज्जं!" तीन आठवडे शोनीचं नखही दिसलं नाही.

मला राहवलं नाही. "काकू, पैज. दादा येईपर्यंत ती तुमच्या हातून खात नाही."

"आणि खाल्लं तर?"

"तुम्ही म्हणाल ते."

"झुरळांचा डबा महिनाभर तू साफ करायचा."

त्या डब्यात घोरपडीच्या जेवणासाठी दोनशे झुरळं पोसलेली आहेत. अंगावर काटा आला, पण जिंकणारच होते, म्हणून हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मावशी रेशनकार्डात सुनेचं नाव घालायचा फॉर्म घेऊन आली. पंखा घोरपडीच्याच खोलीत, म्हणून काकूंनी टेबल काचपेटीला लावलं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला आणि मान खाली घातली. पेन सुरू. "बसा. नाव? पूर्ण." पाच मिनिटं झाली असतील. दोन दगडांच्या फटीतून एक नाक आलं. मग जीभ. मग अख्खं डोकं.

"काकू, आली!" मी ओरडले. काकूंनी वर बघितलं आणि घोरपड गडप.

काकू रागावल्या नाहीत. पेन खाली ठेवून म्हणाल्या, "खेड्यावरून माणूस यायचा, दाराशीच थबकायचा. मी वर बघितलं की चाचरायला लागायचा, कधी तसाच परत जायचा. मान खाली ठेवली, पेन चालू ठेवलं, की येई सरकत सरकत टेबलापर्यंत. लोक म्हणत, बाई माजोरी आहे." मग काचेकडं न बघता म्हणाल्या, "ही पण अर्जदारच आहे. मीच मूर्ख, रोज तिच्याकडं टक लावून बसले."

त्या दिवसापासून अकरा ते एक कचेरी सुरू झाली. पेटीचं दार उघडं, टेबलावर काकूंचं जुनं पातळ, त्यावर डावा तळहात, तळहातावर झुरळ. उजव्या हातानं गल्लीभरचे फॉर्म. नियम एकच, मान वर करायची नाही. मावशी पुटपुटायची, "बघू बी नाय द्यायची व्हय? ही कुठली तऱ्हा!" पण रोज नवा फॉर्म घेऊन यायची. आमची काटेरी अर्जदार आधी पेटीच्या दारापर्यंत आली, मग पातळाच्या कडेपर्यंत. पुढं मात्र तिचं पाऊल पडेना. आठ दिवस तिथूनच जीभ लपलप करून परत.

रविवारी हिमांशूदादा आला. हातात भोकं पाडलेला खोका. येताच पेटीपुढं वाकला, घोरपड दगडांखाली. "आई, बघितलंस ना?"

काकूंनी पेटीचं दार उघडलं, पातळावर डावा तळहात टेकून त्यावर झुरळ ठेवलं. "न्यायची तर रीतसर ने. हस्तांतराचा अर्ज. आधी कच्च्या कागदावर उतरवायचा. बस. मान खाली."

दादा बसला. मीही मान खाली घातली. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, जात, लांबी, वजन. 'देण्याचं कारण' या रकान्यापाशी त्याचं पेन थांबलं, कारण कागदावर एक पिवळट ठिपक्यांचा पाय येऊन पडला होता. मग दुसरा. शेपटी 'पत्त्या'वरून घासत गेली. घोरपड त्या अर्जावरूनच चालत काकूंच्या तळहातापाशी पोचली. कुर्र असा बारीक आवाज आला. झुरळ संपलं. ती तिथंच बसली, तळहातावर हनुवटी टेकून.

कुणी हललं नाही. दादानं फार हळू पेनाचं टोपण लावलं. कारणाचा रकाना कोराच राहिला.

"श्रेया," काकू मान वर न करता कागदाशीच बोलल्या, "डबा गॅलरीत आहे. झाकण हळू उघड, अंगावर चढतात."