बाय जेवत का नव्हती

आमच्या वळ गावात उपाशी माणूस कोणाला बघवत नाही, आणि ताट सारणारा तर कोणी खपवूनच घेत नाही. माझी थोरली बहीण, आमची बाय, लग्नानंतर जेवेनाशी झाली. चार घास खाल्ले की पोट धरून बसायची. नाटकं करते, असं म्हणून सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. इथे काकूने नजर काढली, आणि शेजारणींनी तिच्या मनातच काहीतरी आहे, असं निदान करून टाकलं. सोनोग्राफीत काही दिसलं नाही, तेव्हा तर सगळ्यांनाच जोर चढला.

बाबांनी मात्र कोणाचं ऐकलं नाही. शेतावर गोदाम उभं राहिल्यापासून त्यांना काम उरलं नव्हतं. ते खाडीच्या चिखलातले निवट्या मासे आणायचे, कालवण स्वतः करायचे आणि तिला भरवायचे. "खा गो बाय, माझ्यासाठी खा." त्यांच्या हातचं ती निमूट खायची. रिकामं ताट घेऊन बाहेर येताना बाबा खुशीत असायचे.

शेवटी ठाण्याच्या एका डॉक्टरांनी पोटातल्या रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन करायला लावला. जठराकडे आणि आतड्यांकडे जाणाऱ्या दोन धमन्या एरवी वेगवेगळ्या निघतात. बायच्या मात्र जन्मापासूनच एका खोडातून फुटल्या होत्या, आणि ते खोड छातीखालच्या पडद्याने दाबलं गेलं होतं. जेवल्यावर पोटाला जास्त रक्त लागतं, तेच तिला मिळत नव्हतं.

"मंग मी भरवायचो तवा पन दुखायचं?" बाबांनी विचारलं.

"हो. प्रत्येक वेळी," डॉक्टर म्हणाले.

मला त्या डॉक्टरांचा भयंकर राग आला. एवढं खरं बोलायची काय गरज होती?

ऑपरेशन ठरलं, पण ती इतकी खंगली होती की आधी अंगात थोडी ताकद यायला हवी होती. सलाईन चालूच होतं, शिवाय जमेल तेवढं तोंडानेही द्या, असं सांगितलं होतं. बाबा पेजेची वाटी घेऊन बसायचे, पण चमचा उचलायचा त्यांना धीर होईना. मग तीच म्हणायची, "भरव बाबा. तुझ्या हातचं न्हाय दुखत."

हे खोटं आहे हे दोघांनाही माहीत होतं. ते रडत भरवायचे, ती गिळायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची.

ऑपरेशनआधीच ती गेली.

दहाव्याला तिच्या नावाचं पान वाढायला मी बसले. भात वाढला, आमटीत पळी घातली, तेवढ्यात बाबांनी माझा हात धरला.

"नको वाढू," ते म्हणाले. "तिला दुखंल."