बर्फ न बघितलेली विजार

शुभावहिनींची आणि माझी ओळख त्यांच्या मुलाच्या विजारीने करून दिली. आम्ही सिंगापूरला, बेडोकच्या फ्लॅटमध्ये नवीन राहायला आलो होतो. रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बांबूच्या काठीवर कपडे वाळत घालणं हे आमच्या घरात माझं खातं, कारण बाकी कुठलंही काम माझ्या हातून धड होत नाही यावर माझ्या बायकोचा, मंजूचा ठाम विश्वास आहे. त्या दिवशी वरून एक लालभडक, आत कापूस भरल्यासारखी गुबगुबीत विजार थेट माझ्या डोक्यावर येऊन बसली. वर पाहिलं, तर दोन मजले वर एक बाई खिडकीतून अर्धी बाहेर वाकलेली.

"अहो, आमचं पोर पडलंय खाली! आणून द्याल का जरा?"

"मी मराठी आहे हे कसं कळलं तुम्हाला?"

"मघाशी तुम्हाला घरात बोलणी बसत होती ना, ती ऐकली."

विजार घेऊन वर गेलो. खिडकीबाहेर आणखी दोन पोशाख लोंबत होते, जाडजूड, टोप्यांसकट. एक बाईचा, एक पुरुषाचा. इथे बनियन घातला तरी पाठ भिजते, आणि या बाईने बर्फाचे कपडे उन्हात टांगलेले. "बुरशी धरते हो," त्या म्हणाल्या, "दर रविवारी ऊन दाखवावं लागतं." कुठे जाणार आहात, असं मी विचारलं. "बर्फात. रिलीव्हर आला की."

हे त्यांचं पालुपद होतं. त्यांचे यजमान शिरीष जहाजावर चीफ इंजिनिअर. आपल्या जागी दुसरा माणूस चढल्याशिवाय जहाजावरून उतरता येत नाही, आणि तो दुसरा म्हणजे रिलीव्हर. त्याचा व्हिसा अडकला, त्याची बायको बाळंत झाली, तो ऐन वेळी दुसऱ्या कंपनीत गेला, काहीही झालं तरी शिरीष पुढच्या बंदरापर्यंत अडकलेला. फ्रिजवर चुंबकाने लावलेलं एक चित्र वहिनींनी मला दाखवलं. जपानच्या उत्तरेला, डोंगरातल्या एका राष्ट्रीय उद्यानात, लहान मुलांच्या कुटुंबांसाठी राखलेलं स्कीचं मैदान. चित्रात आई, बाप आणि मधे पोर, तिघं हात धरून उतरताहेत.

"आमच्या घरातल्या प्रत्येक फोटोत एक माणूस कमी आहे, भाऊजी," त्या म्हणाल्या. "एक असा काढायचाय. मग पुढे काय व्हायचं ते होऊ दे."

डिसेंबरच्या शाळेच्या सुट्टीसाठी तिकिटं निघत आणि रद्द होत. शिरीषचा फोन आला की वहिनी एवढंच म्हणत, "बरं, जेवलात का?" आणि पोशाख घडी करायला घेत. मंजूने एकदा शिरीषला नावं ठेवली, तर तिच्यावरच उखडल्या. "जहाज रिकामं सोडून येईल का माणूस? काहीतरीच काय बोलतेस!"

मुलासाठी, निनादसाठी कपडे घ्यायचे ते वाढत्या अंगाचे, हा आपल्याकडचा नियम त्यांनी बर्फालाही लावला. लाल विजार घेतली तेव्हा ती त्याला ढगळ होती. ती अंगाबरोबर बसली त्या वर्षी रिलीव्हर आला नाही. मग निळी आली, पुढे हिरवी. तीही आखूड झाली. मी म्हटलं, "वहिनी, लाल तरी देऊन टाका कुणाला." तर म्हणाल्या, "एकदा बर्फ बघू दे तिला. मग देईन." निनादला मिसरूड फुटलं, तो म्हणायला लागला, "Aai, you all go lah, I got tuition." वहिनी त्याच्याकडे पाहून हसायच्या आणि विजार उलटी करून आतल्या बाजूला ऊन द्यायच्या.

अखेर शिरीषने समुद्र सोडला. सिंगापूरमध्येच, तुआसच्या गोदीत किनाऱ्यावरची नोकरी धरली. आता कुठल्याही रिलीव्हरची वाट बघायची नव्हती. त्या वर्षी वहिनींनी सगळ्या मजल्यांना पुरतील एवढ्या चकल्या केल्या आणि आमच्या दारात येऊन नुसत्याच उभ्या राहिल्या.

जपानला निघायला थोडे दिवस राहिले असताना शिरीष सकाळी बाथरूममध्ये पडला. पक्षाघात. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बोटभर जाडीच्या नटबोल्टांवर हुकूम चालवलेला माणूस, त्याला चमच्याने पेज भरवायची, कूस बदलायची, आणि तो डोळ्यांनी काय मागतोय ते ओळखायचं. ओळखता आलं नाही की तो डाव्या हाताने वाटी उडवायचा. वहिनी फरशी पुसायच्या आणि पुन्हा पेज आणायच्या. वर्षभर त्या खालच्या बाजारापलीकडे कुठे गेल्या नाहीत. लिफ्टमध्ये भेटल्या की मी काहीतरी विनोद करायचो. त्या वेळेवर हसायच्या, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचायचं नाही.

पुढच्या डिसेंबरात आम्ही त्याच मैदानावर जायचं ठरवलं. मंजू हट्टाला पेटली, शुभा आपल्याबरोबर येणार म्हणजे येणार. वहिनींची धाकटी नणंद चिपळूणहून आली आणि तिने त्यांना जवळजवळ ढकललंच. "जा गं वहिनी, दादाला मी बघते." विमानतळावर वहिनी मला म्हणाल्या, "बघा, माझासुद्धा रिलीव्हर आला." निनाद तिथल्या सक्तीच्या सैन्यसेवेत, कॅम्पमध्ये. म्हणजे तिघांतल्या त्या एकट्याच निघाल्या होत्या.

मैदान अगदी चित्रातल्यासारखं होतं. पांढऱ्या झाडांच्या मधे एक सौम्य उतार, पोरांना वर नेणारा सरकता पट्टा, खाली गरम सूप विकणारी टपरी. मी पट्ट्यावर पाय ठेवताक्षणी आडवा झालो आणि एका चार वर्षांच्या जपानी मुलीने मला वाकून नमस्कार करत वाट करून घेतली. आमची लेक सई लाजेने दुसऱ्या रांगेत गेली. वहिनी मोठ्याने हसल्या. किती दिवसांनी.

पण त्यांनी चार पावलं टाकली आणि पोशाखाबरोबर घेऊन ठेवलेल्या बुटांचे तळ गळून पडले. वरून नवेकोरे बूट, तळाचा नुसता भुगा. पोशाखाच्या आतलं अस्तरही खपल्या होऊन निघायला लागलं. सिंगापूरच्या दमट हवेने ते आतल्या आत कुजवलं होतं. इतक्या रविवारांची उन्हं वरवरच लागली. जुरोंग आयलंडच्या प्लास्टिक कारखान्यात जन्म घालवलेला मी, मला हे आधीच कळायला हवं होतं.

भाड्याचे बूट आणि कपडे घेऊन त्या वर गेल्या. पोरांच्या रांगेतून एकदा, सरळ, न पडता खाली आल्या. आणि तिथेच बर्फात बसल्या. मी उठवायला गेलो आणि शेजारी पडलो, मग तसाच बसून राहिलो.

"भाऊजी," त्या उताराकडे बघत होत्या, "एवढंच होतं?"

"फोटो काढू का, वहिनी?"

"नको. दोन माणसं कमी असलेला फोटो कशाला?" मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "मला परत जायचं नाहीये. त्या घरात पायच ठेवायचा नाहीये. इथेच थिजून गेले तर बरं, असं वाटतंय. मंजूला सांगू नका."

त्यांनी पिशवीतून लाल विजार काढली, बर्फावर पसरली, सुरकुत्या हाताने सारख्या केल्या. थोडा वेळ त्या आणि विजार, दोघी तशाच. मग बर्फ झटकून ती त्यांनी माझ्या हातात दिली. "बघितला तिने. आता द्या कुणालाही."

दुपारी नणंदेचा फोन आला. दादा तोंडच उघडत नाही, काल सकाळपासून काही पोटात नाही. मी म्हटलं, वहिनी, दोन दिवस तरी थांबा, डॉक्टर बघतील. त्यांनी बॅग भरायला घेतली होती.

"जहाज रिकामं सोडता येत नाही, भाऊजी."

नणंद तिच्या घरी गेली. निनाद सुट्टीला येतो, खोलीत राहतो. वहिनी शिरीषला भरवतात, पुसतात, वळवतात. आम्ही अधूनमधून तासभर बसायला जातो; त्या नको म्हणतात, कारण तो दुसऱ्याच्या हातून पाणीही घेत नाही. परवा लिफ्टमध्ये सई त्यांना म्हणाली, "Auntie, this December come with us lah." वहिनींनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "हो गं. रिलीव्हर आला की." आणि आमचा मजला आला.

विजार माझ्याकडेच आहे. बेडोकमध्ये बर्फाची विजार कुणाला देणार? बुरशी धरू नये म्हणून रविवारी मी ती माझ्या काठीवर टांगतो. वरच्या काठ्यांवर आता रोजच चादरी असतात, त्यांचं पाणी तिच्यावर ठिबकतं. मी मुद्दाम वर बघून रेंगाळतो. वरून हाक येत नाही.