दुसरं आयकव

कोऱ्या धोतराच्या खळीचा वास आला की मला आमच्या खामगावच्या कापड दुकानातला पहिला फोन आठवतो. तोवर वडनेर भोलजी आणि बीबी या गावांतल्या आमच्या दुकानांशी सगळा कारभार एसटीच्या कंडक्टरहाती चिठ्ठ्या धाडून चाले. मी हट्टानं तिन्हीकडे फोन घ्यायला लावले, तेव्हा वडील म्हणाले, "कापड हाताले समजते, कानाले काय समजन? महिनाभर पायतो, नाही तं काढून टाकतो." पहिला ट्रंक कॉल वडनेरचं दुकान सांभाळणाऱ्या काकांचा आला. ते इतके ओरडत होते की गादीवरच्या सगळ्यांना ऐकू येत होतं. लग्नाच्या गिऱ्हाइकाला मागच्यासारखीच मऊ धोतरं हवी होती, तीही संध्याकाळच्या एसटीनं. "हे पाय!" म्हणत वडिलांनी सवयीनं एक धोतर उलगडून रिसिव्हरसमोर धरलं. आम्ही हसून हसून गादीवर लोळलो. वडील ओशाळले, चिडले आणि त्या रागात त्यांनी ते धोतर फाडकन झटकलं. तोच पलीकडून काकांचा आवाज आला, "दादा, हे नाही. याले खळ जास्त हाय. दुसरं आयकव." वडिलांनी दुसरं झटकलं, तिसरं झटकलं. "हाव, हेच! धाड!" रिसिव्हर ठेवून वडील माझ्याकडे वळले, "काऊन हसत होता बे? राहू दे फोन." आता नात तिन्ही दुकानांना मोबाइलवर कापडाचे फोटो पाठवते. आधी मला दाखवायला आणते, तेव्हा मी चष्मासुद्धा शोधत नाही. म्हणतो, "झटकून आयकव."