ड्रममधल्या पाण्याचा थेंब

मागच्या गुरुवारी आमच्या विभागातल्या मुलांबरोबर इस्लापूरकडच्या एका हायस्कूलला गेले होते. एमएस्सीची ही मुलं खेड्यातल्या शाळांत मायक्रोस्कोप घेऊन जातात, प्रयोग पोरांना स्वतःच्या हातानं करू देतात... मी त्यांची शिक्षिका, नुसती सोबतीला.

तिथं पोचल्यावर कळलं, डबक्याच्या पाण्याची भरून ठेवलेली बाटली नांदेडलाच राहिली. मग आमच्या मुलांतल्या रेणापूरच्या ऋतुजानं व्हरांड्यातल्या पिण्याच्या ड्रममधला थेंब काचपट्टीवर घेतला. निदान स्वच्छ पाणी कसं दिसतं ते तरी दाखवू, असा तिचा विचार.

पहिल्याच मुलीनं डोळा लावला आणि मागं सरकली. "मॅडम, ह्यात काहीतरी वळवळून राहिलंय."

बघता बघता शाळाभर झालं... जेवणाच्या सुट्टीत ड्रमकडं कुणी फिरकेना. खिचडी शिजवणाऱ्या मावशीच तो ड्रम भरतात. मावशी ड्रम धूतच नसतील, असं पोरं त्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात बोलत होती. हेडसर म्हणाले, असं असेल तर या कामाला दुसरी बाई बघावी लागेल.

मावशी पदराला हात पुसत ऋतुजासमोर येऊन उभ्या राहिल्या. आवाज चढला नव्हता.

"रोज घासून भरते बाई मी. जे दिसतच न्हाई, ते कसं घासू?"

 

ऋतुजानं पोरांकडून घरून आणलेल्या बाटल्या मागून घेतल्या. एकेक थेंब पोरांनीच बघितला. तिथंही तेच. हेडसरांच्या बाटलीतही तेच... म्हणजे दोष ड्रमचा नव्हता, पाण्याचाच होता. मग तिनं मावशींना त्याच ड्रममधलं पातेलंभर पाणी गॅसवर ठेवायला सांगितलं, चांगलं खळखळू द्या म्हणाली.

पाणी निवल्यावर पहिला डोळा मावशींनी लावला. बराच वेळ बघत होत्या.

"आता समदं गपगार हाय." मग हेडसरांकडं वळून, "पर सर, सिलिंडर लवकर संपंल."

हेडसर ओशाळं हसले. सिलिंडरचं मी बघतो, पाणी तुम्हीच भरत जा, म्हणाले. पोरांनी त्याच पातेल्यातून पेले भरून घेतले.

बाकीचे प्रयोग पेटीतच राहिले. परतताना ऋतुजा एवढंच म्हणाली, नुसतं दाखवून निघून आलो असतो तर...

काही दाखवलं की पुढं थोडं थांबावंही लागतं, हे मला इतकी वर्षं शिकवून त्या दिवशी कळलं. मावशींचे आभार मानायचे राहूनच गेले... म्हणून इथं.